पाय रोवायला जागा

१९७९ सालच्या जुलै महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत एक इंग्रजी शब्द घरोघरी पोचला होता. तो शब्द म्हणजे ‘स्कायलॅब’. पेरण्या उरकत आलेल्या, आभाळ भरून आलेले, आणि त्या आभाळातून अमेरिकेची एक प्रचंड वस्तू कोणत्याही क्षणी आपल्या डोक्यावर कोसळणार, अशी वदंता. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभे राहून आम्ही ढगांकडे पाहत असू, आणि घरची वडीलधारी मंडळी आम्हांला आत बोलावीत. पुढे ११ जुलैला ती प्रयोगशाळा हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकड्यातुकड्यांनी पडली. आमच्याकडे नेहमीचा पाऊस पडला, आणि लोक आपापल्या कामाला लागले.

ज्या स्कायलॅबला आम्ही इतके भ्यालो, तिलाच सहा वर्षांपूर्वी दोन माणसांनी बाहेर जाऊन, हातांनी दुरुस्त केले होते, ही गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. ती वाचताना जी उत्सुकता वाटली, तिच्यापायीच यानाबाहेर काम करणाऱ्या माणसांचा इतिहास आम्ही धुंडाळू लागलो. प्रारंभी तो साहसाचा इतिहास वाटला. २०१७ नंतर मात्र तोच इतिहास आम्हांला वेगळा दिसू लागला. तो का, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजी ‘स्पेसवॉक’वरून मराठी वृत्तपत्रांनी ‘अंतराळचाल’, ‘अवकाशचाल’ असे शब्द रूढ केले. ते कानाला बरे वाटतात, पण दिशाभूल करतात. यानाबाहेर पडलेला माणूस चालत नाही. तिथे चालायला जमीन नाही आणि पायांना वजन नाही. तो सरकतो तो हातांनी, कठड्याला धरून. त्या मानाने रशियन लोकांचा ‘खुल्या अंतराळात निघणे’ हा प्रयोग प्रामाणिक आहे. आमच्या मते मात्र या साऱ्याला ‘बाहेरचे काम’ एवढेच म्हणावे. कारण या इतिहासातला खरा प्रश्न बाहेर कसे जावे हा कधीच नव्हता. बाहेर जाऊन काम कसे करावे, हा होता.

१८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनॉव्ह ‘वोस्खोद २’ या यानातून बाहेर पडला. आत पावेल बेल्यायेव्ह होता. यानाला कापडाची, हवा भरून फुगवायची एक कोठडी जोडलेली होती. तिच्यातून निघून, पाच-एक मीटरच्या दोराच्या आधाराने लिओनॉव्ह सुमारे बारा मिनिटे अधांतरी राहिला. सोव्हिएत संघाने जगाला दाखवली ती एवढीच गोष्ट. उरलेली गोष्ट पुष्कळ वर्षांनी बाहेर आली. निर्वात पोकळीत त्याचा पोशाख आतल्या हवेने फुगून ताठ झाला. हातमोज्यांच्या टोकांपर्यंत बोटे पोचेनात, आणि परत कोठडीत शिरणे अशक्य होऊन बसले. तेव्हा त्याने पोशाखाची झडप उघडून आतला दाब कमी केला आणि ठरलेली रीत मोडून डोके आधी घालून आत शिरला. घामाने तो निथळत होता. परतीच्या वाटेवरही संकट आलेच. यान ठरल्या जागेपासून दूर, उरलच्या बाजूच्या बर्फाळ जंगलात उतरले. लिओनॉव्ह चित्रकार होता, आणि त्याने अंतराळातून दिसलेल्या सूर्योदयाचे रंगीत पेन्सिलींनी रेखाटन केले होते. जगाने चित्रकार लिओनॉव्ह पाहिला. घामाने निथळलेला लिओनॉव्ह दडवून ठेवला गेला.

दडवण्याचे फळ काय, ते प्रतिस्पर्ध्यांना भोगावे लागले. ३ जून १९६५ रोजी ‘जेमिनी ४’मधून एड व्हाइट बाहेर पडला. त्याच्या हाती वायूचा झोत सोडणारे एक छोटे यंत्र होते, आणि तो सुमारे वीस मिनिटे मजेत तरंगला. आत परतणे त्याच्या जिवावर आले होते, इतका तो रमला. त्याची छायाचित्रे जगभर छापली गेली. या यशातून अमेरिकन अभियंत्यांनी एक निष्कर्ष काढला आणि तो साफ चुकीचा होता: बाहेरचे काम सोपे आहे. व्हाइटने बाहेर काम असे काही केलेच नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

पुढच्याच वर्षी हा भ्रम फिटला. ५ जून १९६६ रोजी ‘जेमिनी ९’चा जीन सर्नन बाहेर पडला. यानाच्या मागच्या टोकाशी जाऊन तिथे ठेवलेले एक उड्डाणयंत्र पाठीवर चढवायचे, एवढे त्याचे काम. पण धरायला पुरेसे कठडे नव्हते आणि पाय अडकवायला धड जागा नव्हती. एखादी खुंटी पिळायला जावे तर खुंटी जागच्या जागी राही आणि सर्ननच उलटा फिरे. ताठ झालेला पोशाख वाकवण्यातच त्याची सारी शक्ती खर्ची पडू लागली. हृदयाचे ठोके मिनिटाला दीडशेच्या पुष्कळ वर गेले. पोशाखात गारवा राखण्यासाठी हवा खेळवलेली होती, पण एवढी उष्णता वाहून नेणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरली, आणि बाहेर बघण्यासाठी त्याने नाकाच्या शेंड्याने काचेवर एक भोक पुसून काढले. दोन तासांनी, काम अर्धवट टाकून, अर्धा आंधळा होऊन तो कसाबसा परतला.

एक माणूस कमी पडला म्हणावे, तर पुढच्या दोघांचेही तेच झाले. जुलैत ‘जेमिनी १०’चा मायकेल कॉलिन्स शेजारच्या निर्मनुष्य यानापाशी पोचला, पण पकडायला काही नसल्याने त्याच्या गुळगुळीत अंगावरून घसरून गेला. त्या धडपडीत त्याचा कॅमेराही हातचा सुटला. सप्टेंबरमध्ये ‘जेमिनी ११’च्या रिचर्ड गॉर्डनला एक दोर बांधण्यासाठी यानाच्या नाकाडावर घोड्यासारखी मांड ठोकून बसावे लागले. डोळ्यांत घाम जाऊन त्याला दिसेनासे झाले, आणि ठरलेला वेळ पुरा होण्याच्या बऱ्याच आधी त्याला आत घ्यावे लागले.

या टप्प्यावर नासाला दोन वाटा मोकळ्या होत्या. माणसे धडधाकट नव्हती, त्यांनी सूचना नीट पाळल्या नाहीत, असे म्हणता आले असते. पण हे तिघेही निवडक वैमानिक होते, आणि तिघेही एकाच ठिकाणी हरले होते. तेव्हा दोष माणसात शोधण्याऐवजी कामाच्या रचनेत शोधण्यात आला. यानावर कठडे बसवले गेले. कमरेला अडकवायचे आखूड पट्टे आले. पाय खोवून उभे राहण्यासाठी खाचा तयार झाल्या. आणि तरंगण्याचा सराव पाण्याखाली होऊ लागला. नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘जेमिनी १२’चा बझ ऑल्ड्रिन तीन वेळा मिळून साडेपाच तास काम करून आला, आणि तो दमला नाही. त्याच्या वेळापत्रकात विश्रांतीची मिनिटे आधीपासून लिहिलेली होती. हातांना काम करायचे असेल तर आधी पाय रोवायला जागा हवी, हा धडा एवढ्या खटाटोपानंतर गिरवला गेला. कोणत्याही गवंड्याने तो विनामूल्य सांगितला असता.

राहिला प्रश्न उष्णतेचा. निर्वात पोकळीत वारा नाही, त्यामुळे अंगाची उष्णता बाहेर जायला वाट नाही. त्यावर उपाय निघाला तो पाण्याचा. अंगालगत घालायच्या कपड्यात बारीक नळ्या ओवून त्यांतून गार पाणी खेळवायचे. चंद्रावर उतरलेल्यांच्या अंगात असाच कपडा होता, आणि पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर वापरल्या गेलेल्या अमेरिकन पोशाखात या नळ्यांची एकूण लांबी नव्वद मीटरच्या वर गेली. चंद्रावरचे ते पोशाख शिवले कोणी, हेही सांगितले पाहिजे. स्त्रियांची अंतर्वस्त्रे तयार करणाऱ्या उद्योगाशी संबंधित अशा अमेरिकेतल्या एका कंपनीत, शिवणयंत्रावर बसलेल्या कारागीर बायकांनी. एक टाका चुकला तर आतला माणूस जाणार, हे त्यांना ठाऊक होते.

आता पुन्हा स्कायलॅबकडे येऊ. १४ मे १९७३ रोजी ती वर गेली तीच जायबंदी होऊन. उड्डाणाच्या वेळी तिचे एक संरक्षक कवच फाटले, एक सौरपंख तुटून गेला आणि दुसरा धातूच्या एका पट्टीत अडकून बसला. वीज अपुरी, आत असह्य उकाडा. ७ जूनला पीट कॉनराड आणि जोसेफ कर्विन बाहेर पडले. लांब काठीच्या टोकाला कातर बसवलेले हत्यार त्यांच्याजवळ होते. उंच फांदी छाटायची आकडी जशी असते, तसलाच हा प्रकार. कर्विनला प्रथम काही केल्या ती कातर पट्टीवर स्थिर धरता येईना. एका हाताने स्वतःला सांभाळावे, तर दुसऱ्याने काठी भिरभिरे. मग त्याने आपला दोर दुहेरी करून आखूड केला आणि त्याच्या ताणावर पाय घट्ट रोवले. त्यानंतर पट्टी कापायला फारसा वेळ लागला नाही. अडकलेला पंख झटक्यासरशी उघडला आणि दोघेही उधळले गेले, पण दोरांनी त्यांना धरून ठेवले. प्रयोगशाळा वाचली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी मिळून तीन तुकड्या तिथे राहून आल्या. आम्हांला भिववणारी स्कायलॅब ती हीच.

भारताचा या इतिहासाशी संबंध येतो तो १९८४ साली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले आणि पुढे नाशिकच्या विमान कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक झालेले राकेश शर्मा ३ एप्रिलला निघाले आणि ११ एप्रिलला परतले. मधले दिवस ते ‘साल्यूत ७’ या स्थानकावर पाहुणे होते. पंतप्रधानांशी त्यांचा झालेला संवाद सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या यजमानांपुढे त्या वेळी काय वाढून ठेवले होते, ते फारसे कुणी सांगत नाही. स्थानकाच्या इंधनव्यवस्थेची एक नळी आदल्या वर्षी फुटली होती, आणि ती बाहेरून दुरुस्त करता येईल अशी कल्पनाच स्थानक बांधताना केलेली नव्हती. शर्मा परतल्यावर बाराव्या दिवशी, २३ एप्रिलला, लिओनीद किझिम आणि व्लादिमीर सोलोव्योव्ह बाहेर पडले. ऑगस्टपर्यंत ते एकूण सहा वेळा बाहेर गेले. त्यांतल्या पाच खेपा या नळीसाठीच होत्या. वरचे आवरण कापून त्यांनी फुटक्या भागाला वळसा घालणारी वेगळी नळी बसवली. याच स्थानकावर २५ जुलैला स्वेतलाना सावित्स्कायाने बाहेर साडेतीन तास काम केले. बाहेर पडलेली ती पहिली स्त्री. तिने तिथे धातू कापला, जोडला, झाळला, आणि धातूचा मुलामा फवारलाही. फवारणीचे काम माणसाने अंतराळातही केले आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

एवढ्यावर हा इतिहास यशस्वी समाप्तीला आला असे वाटेल. तसे झालेले नाही. ९ जुलै २०१३ रोजी अंतराळ स्थानकाबाहेर काम करून परतलेल्या लुका पार्मितानोच्या शिरस्त्राणात पाणी सापडले. पिण्याच्या पाण्याची पिशवी गळली असावी, असे सर्वांनी मानले. पिशव्या गळतात, हे जणू सर्वांना माहीतच होते. आठवड्याने, १६ जुलैला, तोच पोशाख घालून तो पुन्हा बाहेर गेला. या वेळी गारव्याच्या यंत्रणेतले दीड लिटरच्या आसपास पाणी शिरस्त्राणात साचले. डोळे, कान, नाक पाण्याखाली गेले. काही दिसत नसताना तो दोराच्या अंदाजाने चाचपडत परतला. चौकशी झाली तेव्हा अहवालाने पार्मितानोला बोल लावला नाही. पहिल्या वेळी शंका घ्यायला हवी होती तिथे सोपे उत्तर स्वीकारण्याची जी सवय साऱ्या संस्थेला जडली होती, तिच्यावर अहवालाने बोट ठेवले. मार्च २०२२ मध्ये भारतीय वंशाचा राजा चारी ज्याच्यासह बाहेर गेला होता, त्या मथियास माउररच्या शिरस्त्राणात परतल्यावर थोडेसे पाणी दिसले. तेवढ्यावरून पुढची नियोजित कामे कित्येक महिने थांबवण्यात आली. २०१९ च्या मार्चमध्ये तर दोन स्त्रियांनी मिळून करायचे काम बदलावे लागले, कारण दोघींना नेमके बसतील असे मधल्या मापाचे दोन पोशाख तयार नव्हते. न बसणाऱ्या पोशाखात माणूस बाहेर पाठवायचा नाही, हा तिथला दंडक. दोन स्त्रियांनी मिळून बाहेर काम करण्याचा योग त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर यांच्या वेळी आला.

१९६५ पासून आजपर्यंत यानाबाहेर काम करताना एकाही माणसाचा मृत्यू झालेला नाही. सुनीता विल्यम्स नऊ वेळा बाहेर गेल्या, त्यांनी बासष्ट तासांहून अधिक काळ बाहेर काढला, आणि त्या सुखरूप आहेत. सावलीत शून्याखाली शंभर अंशांच्याही पलीकडे आणि उन्हात तितकेच वर जाणारे तापमान, श्वासाला हवा नाही, अशा ठिकाणी साठ वर्षांत मृत्यूंची संख्या शून्य.

इथे आम्हांला यवतमाळला परतले पाहिजे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, आणि कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप, हात वर करून मारलेला फवारा, आणि दाट पिकात कोंडलेले, परत तोंडावर येणारे तुषार. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले, आणि काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. चर्चा मात्र पुन्हा पुन्हा एकाच वाक्यावर येऊन थांबे: मजुरांनी मास्क, चष्मा, हातमोजे घातले नव्हते.

ते खरेच होते. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे पुरवावेत, ही तरतूद कीटकनाशकांविषयीच्या १९७१ च्या नियमांत आहे. पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात, ओल्या कपाशीत, अंगभर प्लास्टिकचा झगा, तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा चढवून ज्याने तासभर तरी पंप चालवला आहे, त्याला सर्ननची गोष्ट नव्याने सांगावी लागणार नाही. दहा मिनिटांत चष्म्यावर वाफ धरते. घाम डोळ्यांत उतरतो. मग माणूस चष्मा कपाळावर सरकवतो. सर्ननला ती सोय नव्हती, म्हणून त्याने नाकाने काच पुसली. दोघांची अडचण एकच. फरक पुढे पडला. एकाच्या अडचणीवरून पोशाख बदलला, हत्यारे बदलली, सरावाची रीत बदलली. दुसऱ्याच्या अडचणीवरून त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला.

ही तुलना अन्यायाची आहे, असा आक्षेप येईल. एका अंतराळवीरामागे राष्ट्राची तिजोरी उभी असते, आणि जिल्ह्यात फवारणारे हात अगणित. आक्षेप आम्हांला मान्य आहे. नव्वद मीटर नळ्यांचा कपडा आम्ही कपाशीच्या शेतासाठी मागत नाही. पण ऑल्ड्रिनला जे मिळाले त्यातले पुष्कळसे पैशांचे नव्हतेच. कामाच्या मध्ये विश्रांती. सोबतीला दुसरा माणूस. तब्येत बिघडताच काम थांबवण्याची मुभा, आणि थांबल्याबद्दल रोजी न कापणे. पहिल्या उलटीनंतर ‘ऊन लागले असेल’ असे सोपे उत्तर न स्वीकारणे. आणि सर्वांत आधी, काम करणारा पडला तर कामाची रचना तपासणे.

त्या मोसमानंतर पुष्कळ घरांत संरक्षक कपड्यांचे संच आले. आमच्या ओळखीच्या एका घरी असा संच खुंटीवर टांगलेला आहे. पांढरा झगा, हातमोजे, चष्मा, सारे जसेच्या तसे. गेल्या हंगामात आम्ही सहज तो अंगावर चढवून पाहिला आणि अंगणातून धुऱ्यापर्यंत चालत गेलो. पोचेस्तोवर चष्म्याची काच पांढरी झाली होती. घरधनी पंप पाठीवर घेऊन, तोंडाला दुपट्टा बांधून, पऱ्हाटीत शिरला होता. तो आम्हांला दिसेना.